वाचनालयातला जुना संगणक, ऑफलाइन विकिपीडिया आणि आपली भाषा: गावाचं इंटरनेट गावाच्या हातात

तापीकाठ:

विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-अपडेटं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. तेव्हापासून शाळा-वाचनालयांना एकच सल्ला मिळतोय: जुने संगणक भंगारात द्या, नवे घ्या. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची खास चिप) आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. आपल्याकडे वाचनालयांच्या टेबलावर दिसतात ते दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचे आय-थ्री, एच-६१ मदरबोर्डवर बसवलेले, म्हणजे २०११ ते २०१३ च्या सुमाराचे. ही यंत्रं चालू आहेत. ती फेकणं मला पटत नाही, आणि कारण फक्त पैशाचं नाही.

माझं म्हणणं असं: गावाला रोज लागणारी माहिती गावातच एका यंत्रावर असावी. पाठ्यपुस्तकं, विश्वकोश, शब्दकोश, पिकांवरच्या रोगांची चित्रं, अर्जांचे नमुने. ते यंत्र गावातल्याच कुणाला तरी पेचकस घेऊन उघडता यावं आणि त्यातला मजकूर आपल्या भाषेत शोधता यावा. रस्ता रुंदीकरणात जेसीबीने फायबर तोडली की गावाचं सगळं वाचन बंद पडतं. गावात विहीर असताना टँकरची वाट बघत बसण्यासारखं आहे हे.

यंत्र तयार करायचं तर आधी रॅम बघा. एच-६१ बोर्डवर रॅमच्या बहुधा दोनच खाचा असतात, म्हणून २ जीबीच्या पट्ट्या काढून ४ + ४ जीबी करा. १.३५ व्होल्टची डीडीआर-३-एल पट्टी १.५ व्होल्टच्या खाचेत चालते. उलटं चालत नाही: फक्त १.३५ व्होल्ट देणाऱ्या लॅपटॉपमध्ये साधी डीडीआर-३ घातली तर स्क्रीन काळाच राहतो आणि लोक मदरबोर्ड गेला असं धरून चालतात. मग हार्डडिस्कच्या जागी २४० जीबीची साधी साटा एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली डिस्क. एच-६१ चा साटा पोर्ट सेकंदाला ३ गिगाबिटचाच आहे, तेव्हा महागडी एसएसडी घेऊन काही वाढणार नाही. हार्डडिस्क बारीक फाइली सेकंदाला शंभरेक वेळा वाचते, एसएसडी हजारो वेळा. यंत्र सुरू व्हायला लागणारा वेळ खाली येतो तो यामुळे.

त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट या मोफत प्रणालीची हलकी एक्सएफसीई आवृत्ती. कागदावर २ जीबी रॅम पुरते म्हणतात, पण ब्राउझरच्या चार खिडक्या उघडल्या की ती संपते. ४ जीबी ही खरी किमान मर्यादा. प्रोसेसर ३२-बिटचाच असेल तर ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ या दुसऱ्या लिनक्सचं इन्स्टॉलर त्यावर चालणार नाही. डेबियन १२ चालतं, आणि त्याला जून २०२८ पर्यंत सुरक्षा-अपडेटं आहेत.


दुरुस्ती_धुळे:

तापीकाठ भाऊ, सॉफ्टवेअर टाकण्याआधी पेटी उघडा. आपल्याकडे यंत्र मरतं ते उन्हाने, फुफाट्याने आणि विजेने.

भुसावळ-जळगावला मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतं तेव्हा पत्र्याच्या खोलीत पेटीच्या आतली हवा ५५ च्या पुढे जाते. हार्डडिस्कची मर्यादा साधारण ६० असते. प्रोसेसर १०० च्या जवळ गेला की स्वतःचा वेग कमी करतो, मग यंत्र ‘हँग होतं’ अशी तक्रार येते आणि कुणीतरी विंडोज पुन्हा टाकून देतो. दोष हीटसिंकमध्ये, म्हणजे प्रोसेसरची उष्णता काढणाऱ्या धातूच्या पात्यांत, असतो. जिनिंगच्या आसपासच्या गावांत तर हीटसिंकच्या पात्यांत कापसाचं तूस नमद्यासारखं बसतं. पंखा वरून फिरताना दिसतो, पण हवा खालपर्यंत पोचतच नाही. पंखा सोडवून बाजूला काढला तरच हे दिसतं.

ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. मोकळं सोडलं तर ते भन्नाट फिरतं, बेअरिंग खराब होतं आणि मोटर उलट वीज तयार करून बोर्डकडे ढकलते. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली जुनी वाळलेली थर्मल पेस्ट (उष्णता वाहणारा लेप) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मधोमध तांदळाच्या मोठ्या दाण्याएवढी नवी लावा, जास्त नको. इंटेलच्या मूळ पंख्याला चार ढकलपिना असतात. त्या समोरासमोरच्या जोडीने दाबायच्या, प्रत्येकीचा ‘टक’ असा आवाज आला पाहिजे. मग बोर्ड उलटा करून चारही पिना मागून बाहेर आल्या का ते बघा. एक जरी अर्धवट राहिली तरी यंत्र काही काम करत नसतानाही प्रोसेसरचं तापमान ९० वर जातं.

कूलर ही दुसरी गोष्ट. डेझर्ट कूलरचा झोत संगणकावर येऊ देऊ नका. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचा तो दमट वारा रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर थर धरतो. यंत्र लांब-लांब बीप देतं आणि सुरू होत नाही. रॅम काढा, पट्ट्या पांढऱ्या खोडरबरने हलक्या हाताने घासा, भुगा ब्रशने झटका, परत बसवा. दहापैकी बऱ्याच ‘मेलेल्या’ यंत्रांना एवढंच लागतं.

बोर्डवरचे कॅपॅसिटर (वीज साठवणारे छोटे डबे) बदलायला घेताना १०५ अंशाचेच घ्या, ८५ चे नकोत. दर १० अंश वाढीला त्यांचं आयुष्य निम्मं होतं असा ढोबळ हिशोब आहे, आणि लेड-ॲसिड बॅटरीलाही साधारण तोच लागू पडतो. म्हणून यूपीएस खिडकीखाली उन्हात ठेवू नये.


केळीबाग_रावेर:

मुद्दा समजला, पण थोडा विरोध नोंदवतो. आज प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. २०१६ नंतर डेटा इतका स्वस्त झाला की शेतमजूरही रोज व्हिडिओ बघतो. केळीचे भाव, हवामान, पीकविमा, सगळं फोनवर. वाचनालयातला डेस्कटॉप उघडून कोण बसणार? पंधरा वर्षं जुन्या यंत्रात जीव ओतण्यापेक्षा चांगलं वाय-फाय द्या, लोक आपलं आपण बघतील.


तापीकाठ:

केळीबाग दादा, फोन आहेत हे खरंच. पण फोनवर बघणं आणि फोनवर काम करणं यांत फार अंतर आहे. दहावीच्या मुलाला तक्ता करायचा असेल, बचत गटाच्या ताईंना वर्षाचा हिशोब मांडायचा असेल, कुणाला चार पानांचा अर्ज टाइप करून दुरुस्त करायचा असेल, तर कीबोर्ड आणि मोठा पडदा लागतो. फोन माणसाला प्रेक्षक करून ठेवतो. गावाने प्रेक्षकच राहावं हे मला मान्य नाही.

आणि भावांचंच उदाहरण घ्या. ते रोज व्हॉट्सॲपवर चित्र म्हणून फिरतात. एक चित्र दोनशे केबीचं. त्यात शोधता येत नाही, मागच्या आठवड्याशी ताडून बघता येत नाही, अंध माणसाच्या फोनला ते वाचून दाखवता येत नाही. तोच भाव मजकुरात लिहिला तर? यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. चाळीस चिन्हांच्या पन्नास ओळी धरा, सहा केबीत दिवसाचा बाजार मावला. वर्षभराचा साठा अडीच एमबीच्या आत. तो वाचनालयातल्या तक्त्यात तारखेप्रमाणे राहिला तर श्रावणात भाव किती वर गेला होता हे शेतकरी स्वतः काढून बघेल, कुणाच्या सांगण्यावर विसंबणार नाही.


पुस्तकघर:

वाचनालय चालवण्याच्या बाजूने विचारते. ऑफलाइन विकिपीडिया म्हणजे नेमकं काय उतरवायचं, कुठे ठेवायचं, वाचकांच्या फोनवर कसं दिसणार? पायऱ्यांनी कुणी लिहील का?


शून्यएक:

लिहितो ताई.

सॉफ्टवेअरचं नाव किविक्स, २००७ पासून चालू असलेला मुक्त प्रकल्प. त्यांच्या साठ्यात झिम नावाच्या दाबून बसवलेल्या फाइली मिळतात, एक फाइल म्हणजे एक पूर्ण संकेतस्थळ. मराठी विकिपीडिया (१ मे २००३ ला सुरू झालेला, आज लाखाच्या आसपास लेख) इंग्रजीच्या मानाने अगदी लहान फाइल आहे. इंग्रजी चित्रांसह घेतला तर शंभर जीबीच्या घरात जातो, म्हणून २४० च्या एसएसडीवर चित्रांशिवायची आवृत्ती घ्या. मराठी विकिस्रोत, विक्शनरी आणि फेटच्या, पडद्यावर करून बघायच्या विज्ञान-प्रतिकृती घ्याच. फेटमधल्या बऱ्याच प्रतिकृतींचं मराठी भाषांतर झालेलं आहे, आणि सहावी-सातवीची मुलं विद्युतमंडल त्यात जोडून बघतात.

उतरवताना साधी लिंक न घेता टॉरेंट घ्या. लाइन मध्येच गेली तर जिथे थांबलं तिथून पुढे चालू होतं आणि शेवटी फाइल तपासूनही घेतली जाते. पेनड्राइव्हवर नेताना हमखास अडकतं ते इथे: एफएटी-३२ फॉरमॅटवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. जागा रिकामी दिसते तरी ‘फाइल फार मोठी आहे’ असा संदेश येतो. पेनड्राइव्ह आधी एक्सफॅट करून घ्या.

पुढे किविक्सचा सर्व्हर-प्रोग्राम ८०८० पोर्टवर सुरू करायचा आणि संगणक चालू होताच तो आपोआप उठेल अशी सिस्टिमडीत (लिनक्समध्ये प्रोग्राम सुरू करणाऱ्या भागात) नोंद करायची. राउटरमध्ये त्या संगणकाचा पत्ता कायमचा बांधून टाका, समजा १९२.१६८.१.१०. नाहीतर वीज जाऊन आली की पत्ता बदलतो आणि भिंतीवर चिकटवलेला कागद निरुपयोगी होतो.

फोनची अडचण वेगळीच आहे. राउटरला इंटरनेट नसेल तर अँड्रॉइड ‘या वाय-फायला इंटरनेट नाही’ म्हणतो आणि गुपचूप मोबाईल डेटावर जातो. मग १९२.१६८ चा पत्ता उघडत नाही. संदेश आला की ‘जोडलेले राहा’ निवडायचं आणि तेवढ्यापुरता मोबाईल डेटा बंद ठेवायचा. काही ब्राउझर पत्त्यापुढे आपणहून सुरक्षित जोडणीचा एचटीटीपीएस लावतात आणि पान उघडत नाही. तिथे साधा एचटीटीपी पूर्ण टाइप करा. या दोन सूचना मोठ्या अक्षरांत दारावर लावा. पहिल्या आठवड्यातली निम्मी विचारणा तिथेच थांबते.

घरगुती राउटर एका वेळी पंधरा-वीस फोन सांभाळतो. २.४ गिगाहर्ट्झवर चॅनल १, ६ किंवा ११ पैकी जे मोकळं असेल तेच ठेवा, मधले चॅनल एकमेकांवर चढतात. किविक्सचा शोध मराठी प्रत्यय ओळखत नाही, तेव्हा ‘केळ्यांवरील’ असं न लिहिता ‘केळी’ लिहायला वाचकांना शिकवा.


सातपुडा_पायथा:

रावेरला डेटा मिळतो म्हणून वरचा वाद होऊ शकतो. धडगाव, अक्कलकुव्याच्या वरच्या पाड्यांत कॉल लागायला टेकडीवर जावं लागतं. तिथल्या आश्रमशाळांना हा सर्व्हर सगळ्यात आधी पोचला पाहिजे, आणि तिथे डेस्कटॉप चालणार नाही. हिशोब विजेचा आहे.

जुना डेस्कटॉप मॉनिटरशिवाय ४५ वॅट खातो, चोवीस तास ठेवला तर दिवसाला एक युनिटच्या वर. जुना लॅपटॉप १२ ते १५ वॅट. रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा संगणक, पुढे नुसतं ‘पाय’) पाच वॅटच्या आसपास, राउटरचे सहा, मिळून ११. लिथियम आयर्न फॉस्फेटची १२.८ व्होल्ट १२ अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे १५३ वॅट-तास, त्यावर बारा तास निघतात. ५० वॅटचं पॅनल उन्हाळ्यात दिवसाला १५० वॅट-तासांपर्यंत भरतं. जुलै ते सप्टेंबर सातपुड्यावर ढग हटत नाहीत, त्यासाठी पॅनल दुप्पट धरा किंवा सर्व्हर फक्त शाळेच्या वेळेत चालवा.

पायचा व्होल्टेज ४.६ च्या खाली गेला की पडद्यावर विजेचं चिन्ह येतं. बॅटरी चांगली असूनही हे होतं, कारण मोबाईलची बारीक तारेची केबल. व्होल्टेज केबलमध्येच मरतो. ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा कन्व्हर्टर पायच्या अगदी जवळ लावा आणि तार जाड, हातभरापेक्षा लांब नको. एसडी कार्ड खराब होण्याचं मुख्य कारण लिहिता-लिहिता वीज जाणं, म्हणून पायच्या सेटिंगमध्ये ओव्हरले फाइल सिस्टिम चालू करा. कार्डवर काही लिहिलंच जात नाही, प्लग उपटला तरी बिघडत नाही. फक्त नवी फाइल टाकताना ते आठवणीने बंद करायचं.

लॅपटॉप वापरणार असाल तर त्याची बॅटरी हाच यूपीएस. पण उन्हाळ्यात १०० टक्के भरलेली ठेवू नका, ज्यात सोय असेल त्यात ८० ची मर्यादा घाला. टचपॅड वर उचललेलं दिसलं तर बॅटरी फुगली आहे. तो लॅपटॉप त्याच क्षणी बंद करून बॅटरी बाहेर काढायची.


पुस्तकघर:

शून्यएक, सातपुडा, दोघांचेही मनापासून आभार. आणखी एक अडचण: काही जुन्या संगणकांवर इंटरनेट असूनही बँकेची, सरकारी पानं उघडत नाहीत. ‘तुमचे कनेक्शन खाजगी नाही’ असं येतं. व्हायरस आहे का?


दुरुस्ती_धुळे:

ताई, उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा. २०११ किंवा २०१२ चा जानेवारी दिसत असेल तर बोर्डवरची सीआर-२०३२ गोळी संपली आहे. संगणक बंद असताना घड्याळ त्या गोळीवर चालतं. प्रत्येक सुरक्षित पानाच्या प्रमाणपत्राला ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ अशी मुदत असते. यंत्राच्या मते आज २०१२ असेल तर प्रमाणपत्र अजून जन्मलेलंच नाही, म्हणून ब्राउझर अडवतो. मल्टिमीटरवर नवी गोळी ३ व्होल्टच्या वर दाखवते, २.७ च्या खाली गेली की बदला. पाच मिनिटांचं काम. यासाठी हजार-हजार रुपये देऊन विंडोज टाकून घेणारे लोक आहेत, आणि तारीख दुसऱ्या दिवशी पुन्हा मागे जाते.

पेटीला हात लावला की झिणझिण्या येतात का तेही विचारून घ्या. एसएमपीएसच्या (पेटीतल्या वीजपुरवठ्याच्या डब्याच्या) आतले गाळणी-कॅपॅसिटर पेटीला निम्म्या व्होल्टेजवर, म्हणजे ११५ च्या आसपास, तरंगत ठेवतात. अर्थिंग असेल तर ते जमिनीत जातं. फेज-अर्थ २३० आणि न्यूट्रल-अर्थ ३ व्होल्टच्या आत यायला हवं. न्यूट्रल-अर्थ पंधरा-वीस दाखवत असेल तर अर्थिंगचा खड्डा कोरडा पडलाय. उन्हाळ्यात त्यात पाणी घालावं लागतं.


लिपी_मात्रा:

यंत्रं झाली, आता त्यात जाणाऱ्या मजकुराकडे या. मराठी संगणकावर दिसणं आणि मराठी संगणकाला कळणं या दोन गोष्टी आहेत. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या चिन्हाला ठरलेला क्रमांक देणारी जागतिक पद्धत. देवनागरी तिच्या पहिल्या आवृत्तीपासून, म्हणजे १९९१ पासून आहे, तरी आजही जाहिराती, निमंत्रणं, संस्थांचे अहवाल जुन्या फॉन्टांत होतात. जुन्या फॉन्टात ‘क’ साठवलेलाच नसतो. साठवलेलं असतं एक रोमन अक्षर, त्याला क चा मुखवटा घातलेला. फॉन्ट गेला की मुखवटा गेला.

युनिकोडमध्येही दोन सापळे आहेत. पहिला: ‘ॲप’ मधला ॲ हे एक स्वतंत्र चिन्ह आहे, २००८ च्या युनिकोड ५.१ मध्ये आलेलं. पुष्कळ कीबोर्ड त्याऐवजी अ आणि त्यावर चंद्र अशी दोन चिन्हं टाकतात. डोळ्याला सारखंच, शोधाला वेगळं. आणि युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगळी रूपं एक करणारी पद्धत) या दोघांना एक करत नाही. दुसरा: ‘दऱ्या’ मधला रफार नसलेला अर्धा र. तो ऱ + ् असा लिहितात किंवा र + ् + अदृश्य जोडचिन्ह असा. वाचनालयाच्या यादीत ‘सातपुड्याच्या दऱ्या’ हे नाव एका पद्धतीने भरलं आणि वाचकाने दुसऱ्या पद्धतीने शोधलं तर पुस्तक कपाटात असून ‘नाही’ असं उत्तर येतं. उपाय सोपा आहे: यादी भरून झाली की शोधा-बदला वापरून दोन्ही ठिकाणी एकच रूप करा, आणि शोधाच्या चौकटीतला मजकूरही तसाच बदलून मग शोधा.

लिनक्सवर कीबोर्ड-मांडणीत मराठीचा एन्हान्स्ड इन्स्क्रिप्ट निवडा. डावीकडे स्वर, उजवीकडे व्यंजनं. पंधरा दिवसांत हात बसतो. लिब्रेऑफिसमध्ये फॉन्ट बदलूनही मराठी बदलत नाही ही नेहमीची तक्रार: तिथे देवनागरीसाठी वेगळा रकाना असतो, भाषांच्या सेटिंगमध्ये ‘कॉम्प्लेक्स मजकूर’ चालू करून मराठी निवडलं की तो दिसतो. भाषा मराठी ठेवली तरच चांगले फॉन्ट ल आणि श मराठी वळणाचे दाखवतात.


अहिराणी_बोल:

मराठीची ही स्थिती, तर अहिराणीची काय असेल सांगा. २०११ च्या जनगणनेत खान्देशी या नोंदीखाली साडेअठरा लाखांहून अधिक लोक आहेत. आयएसओच्या भाषा-यादीत अहिराणीला ‘एएचआर’ असा स्वतःचा संकेत आहे. पण आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत ती नाही, आणि भाषांतराची, बोललेलं टिपण्याची यंत्रं बहुतेक त्या २२ पुरतीच बनतात. परिणाम रोजचा आहे. आजी फोनला ‘जयगाव’ म्हणते, ‘डोया’ म्हणते, ‘केयी’ म्हणते. आपल्या बोलीत ळ चा य होतो. मराठीवर शिकलेलं यंत्र त्यातून भलताच शब्द काढतं. ‘शे’, ‘मन्हं’, ‘तुन्हं’ टाइप केलं की खाली लाल रेघ. मुलाला रोज लाल रेघ दिसली की तो आपली भाषा चुकीची समजू लागतो, हे मला फार लागतं.

लाल रेघ आजच घालवता येते. लिब्रेऑफिसमध्ये ‘स्वतःचा शब्दकोश’ तयार करा, ती साधी मजकूर-फाइल असते, एका ओळीत एक शब्द. शंभर नेहमीच्या शब्दांपासून सुरुवात करा आणि ती फाइल वाचनालयाच्या सर्व्हरवर सगळ्यांसाठी ठेवा. ‘राह्यना’ की ‘ऱ्हायना’ हे आधी ठरवावं लागेल; दोन्ही ठेवायची असतील तर दोन्ही, पण गावागावाची नोंद करून.

आवाज जमवताना व्हॉट्सॲपवरून मागवू नका. तिथे आवाज दाबला जातो आणि श-स मधला बारीक फरक हरवतो. फोनच्या रेकॉर्डरमध्ये डब्ल्यूएव्ही, एक चॅनल, १६ बिट, ४८ किलोहर्ट्झ. तासाला साधारण ३४५ एमबी, फ्लॅकमध्ये (आवाज न बिघडवता फाइल लहान करणाऱ्या फॉरमॅटमध्ये) निम्मं. पंखा-कूलर बंद करा, गोधडी टांगलेल्या खोलीत बसा, फोन तोंडापासून वीतभर पण समोर नाही, थोडा बाजूला. बोलणाऱ्याचं गाव, वय आणि संमती त्याच रेकॉर्डिंगमध्ये त्यांच्याच आवाजात घ्या. कुठल्या परवान्याखाली देणार तेही तेव्हाच समजावून सांगा. सीसी-शून्य म्हणजे कुणीही, कंपनीनेही, काहीही करावं. मला लोकगीतांसाठी श्रेय-आणि-तसंच-वाटा हा परवाना योग्य वाटतो, कारण ओवी ज्या घरातून आली त्या घराचं नाव राहिलं पाहिजे.


लिपी_मात्रा:

सर्व्हरवर पुस्तकं चढवणाऱ्यांसाठी जोडतो. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. साने गुरुजी, जे अमळनेरला शिक्षक होते, ११ जून १९५० ला गेले. हयातीत छापलेलं त्यांचं लेखन १ जानेवारी २०११ पासून मुक्त आहे. आसोद्याच्या बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ ला गेल्या, पण कविता १९५२ मध्ये, त्यांच्यामागे छापल्या. मरणोत्तर छापलेल्याला प्रकाशनापासून मोजतात, म्हणून त्या १ जानेवारी २०१३ पासून मुक्त. मात्र त्या पुस्तकाला आचार्य अत्र्यांची प्रस्तावना आहे आणि अत्रे १९६९ मध्ये गेले, तेव्हा प्रस्तावना २०३० उजाडेपर्यंत स्कॅनमधून वगळा.


पुस्तकघर:

आमच्याकडे सगळ्यांनी वापरायचा संगणक आहे तिथे लोक आधार, सातबारा, पासबुक छापून घेतात आणि फाइल डाउनलोडमध्येच राहते. पुढचा माणूस ती उघडू शकतो. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच, पण त्याहीआधी हा वाचकांच्या विश्वासाचा प्रश्न आहे.


शून्यएक:

मिंटमध्ये ‘लॉगिन विंडो’च्या सेटिंगमध्ये पाहुणा-सत्र चालू करा आणि लोकांना तेवढंच द्या. बाहेर पडताच त्यातल्या फाइली, पासवर्ड, उघडं राहिलेलं व्हॉट्सॲप वेब, सगळं पुसलं जातं. आधार छापायचं तर शेवटचे चारच अंक दिसणारं मास्क्ड आधार उतरवायला सांगा. प्रिंटरच्या रांगेत अडकलेली पानंही बघा: कागद संपला म्हणून थांबलेलं छापणं नवा कागद घातल्यावर पुढच्याच्या हातात येतं. दिवस संपताना रांग रिकामी करायची सवय लावा.


पुस्तकघर:

शेवटची विचारणा. पुस्तकांची जुनी यादी वर्डमध्ये आहे, कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये. नव्याने टाइप करायची का?


लिपी_मात्रा:

नको. आधी फाइलची प्रत काढा. परिवर्तकात (कृतिदेवचं युनिकोड करणाऱ्या प्रोग्रामात) सगळी फाइल एकदम टाकू नका, कारण मध्ये इंग्रजी नावं, आयएसबीएन असतील तर त्यांचंही ‘देवनागरी’ होऊन कचरा होईल. लिब्रेऑफिसमध्ये शोधा-बदला उघडून फॉन्टनुसार शोधा, फक्त कृतिदेवचा भाग निवडून वेगळा करा. बदलल्यावर तीन जागा डोळ्यांनी तपासा. पहिली वेलांटी: कृतिदेवमध्ये ती व्यंजनाच्या आधी टाइप होते, ‘स्थिती’ सारख्या जोडाक्षरात ती चुकीच्या अक्षराला चिकटते. रफार नंतर टाइप होतो, तो ‘मोर्च्यात’ सारख्या शब्दात पुढे सरकतो. आणि श, ण, भ यांचा उभा दंड कधीकधी वेगळा काना म्हणून उरतो. आधी पन्नास नोंदी बदलून बघा, एकच चूक पुन्हापुन्हा दिसली तर ती शोधा-बदलामध्ये घाला, मग पुढच्या पाचशे. त्या पन्नास नोंदींमधल्या अडलेल्या ओळी इथे टाका, मी नियम लिहून देतो.